कुकडीचे रांजण, इनामगावचा रांजण

टाकळी हाजीकडे निघालेल्या माणसाला कुकडी नदीतल्या कुंडाआधी भेटतं ते विशेषण. 'आशियातले सर्वांत मोठे रांजणखळगे.' फलकावर तेच, रीलमध्ये तेच, रस्ता विचारला तर चहाच्या टपरीवरही तेच, वर गिनीज बुकाचा शिक्का फुकट. मोठे म्हणजे कशाने मोठे, खोलीने की तोंडाच्या घेराने की संख्येने, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. परिणाम असा होतो, की माणूस काठावर पोचल्यावर पाहायचं सोडून मनातल्या मनात मापं घ्यायला लागतो. 'एवढंच होय?' हे वाक्य त्या काठावर मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. त्यात कुंडाचा दोष नाही. आशिया खंड डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला शिरूर तालुक्यातली कुठलीही गोष्ट लहानच दिसणार.

नावावरूनही इथे दोन पक्ष आहेत. कुकडीच्या एका तीरावर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्याचं टाकळी हाजी, दुसऱ्या तीरावर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पारनेरचं निघोज. मळगंगेची देवळं दोन्ही काठांना आहेत, त्यामुळे देवीपुरता वाद मिटलेला. प्रसिद्धी मात्र निघोजच्या पदरात पडली. शिरूरकर त्याबद्दल अधूनमधून कुरकुरतो आणि पाहुण्याला आपल्या काठाने घेऊन जातो. माझंही मत त्याच काठाला. त्यात तालुक्याचा अभिमान थोडा असेल, नाही कशाला म्हणू!

या जागेचं पहिलं कसब म्हणजे ती स्वतःला लपवते. ज्वारी, कांदा, मध्येच उसाचा हिरवा पट्टा, सगळं सपाट. नदी जवळ आल्याची कुठलीही खूण नाही. मग जमीन पायाशी उघडते आणि कळतं की ही नदी जमिनीवरून वाहत नाही, जमिनीत उतरून वाहते. काळ्या खडकात चिरलेली एक अरुंद, वेडीवाकडी घळ, आणि तिच्या दोन्ही अंगांना गोल गोल खोदकाम. इथे बहुतेक लोक घाई करतात, थेट मोठ्या घळीवर जातात, झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि वडापाव शोधतात. पूल फोटोला उत्तम, पाहायला वाईट. वरून सरळ खाली पाहिलं की खोली सपाट होते आणि रांजणाचं पोट दिसतच नाही, नुसतं तोंड दिसतं.

सुरुवात धाकट्या खळग्यांपासून करावी. घळीपासून लांब, कोरड्या कातळावर मूठभर आकाराचे, ओंजळीएवढे खळगे आहेत. त्यांतल्या एखाद्यात वाकून पाहिलं तर तळाशी दोन-चार गोटे सापडतात, हाताला गुळगुळीत लागणारे. कारागीर काम अर्धं टाकून गेलाय आणि हत्यारं तिथेच ठेवून गेलाय. पुराचं पाणी खडकातल्या खोलगट जागेत शिरतं, बाहेर पडायला सरळ वाट मिळत नाही म्हणून गरगर फिरतं, आणि त्याच्याबरोबर वाळू, खडे, गोटे फिरतात. जात्यासारखंच हे, फक्त इथे दळणारा आणि दळला जाणारा असा भेद नाही. गोटा खडकाला झिजवतो, खडक गोट्याला. गोट्याची वाळू झाली की पुढचा पूर नवा गोटा आणून टाकतो. खळगा खोल जाऊ लागला की भोवरा आत कोंडतो आणि बाजू पोखरतो, म्हणून कित्येकांचं तोंड लहान आणि पोट मोठं. ज्याने कुणी त्यांना रांजण म्हटलं, त्याने वरून न पाहता आत उतरून पाहिलं असणार.

धाकट्यांकडून थोरल्यांकडे गेलं की खरी गंमत सुरू होते. दोन खळगे शेजारी शेजारी वाढतात. मधली भिंत पातळ होते. मग तिला एक खिडकी पडते. खिडकी रुंदावते, वरची कमान कोसळते आणि दोन रांजणांचा मिळून एक लांबट हौद होतो. असे हौद एकमेकांना जोडत जोडत नदीने आपली घळ तयार केली आहे. म्हणजे घळ आधी आणि खळगे नंतर, असं नाही. खळगेच एकमेकांत फुटून घळ झाले. हे एकदा डोळ्यात शिरलं की सगळा देखावा बदलतो. आरंभ, मध्य आणि मोडतोड, तिन्ही अवस्था पन्नास पावलांत एकाच वेळी पसरलेल्या दिसतात. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतला गेला. नदीचं कोरीव काम त्यामानाने अगदी अलीकडचं, आणि ते संपलेलं नाही.

माझ्या लेखी इथलं सगळ्यांत देखणं काय, तर न कोसळलेल्या भिंतींचे उरलेले तुकडे. दोन्हीकडून खरवडलेल्या, वर धारदार होत गेलेल्या त्या पाकळ्या. त्यांना सरळ रेषा म्हणून कुठेच नाही, आणि तरी एकही वळण उगाच घेतलेलं नाही. प्रत्येक वळणामागे पाण्याने घेतलेला एक फेरा आहे. आतल्या अंगाला बारीक आडव्या खोबणी दिसतात. त्या नीट वाचायच्या तर तिरपं ऊन हवं, म्हणजे सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर. भर दुपारी बारा वाजता सगळा कातळ एकाच काळ्या रंगाचा होतो आणि रांजणांना नुसती भोकं म्हणायची पाळी येते. हंगामाचंही तसंच. पर्यटक पावसाळ्यात येतात, कारण नदी पाहायची तर पावसाळ्यात, असा आपला समज. भरल्या कुकडीत गढूळ पाण्याखेरीज काही दिसत नाही. पाणी उतरल्यावर, हिवाळा सरता सरता जावं. वर येडगावला धरण आहे, त्यातून पाणी सुटलेलं असेल तर उन्हाळ्यातही निम्मं कुंड बुडालेलं सापडू शकतं, म्हणून गावात फोन करून विचारलेलं बरं.

उणंही सांगितलं पाहिजे. बाटल्या, खडकावर रंगवलेली नावं, कुणाच्या तरी स्पीकरवरची गाणी. आणि एक धोका खरा आहे. काठ गुळगुळीत आहेत, आणि आतून पोखरलेल्या रांजणात पडलेल्या माणसाला वर यायला पकड मिळत नाही. पाण्यात उतरू नये, काठावर बसून पाहावं. ही जागा तशीही बसून पाहायची आहे.

शिरूरचं दुसरं गाजलेलं नाव मोराची चिंचोळी. हुरड्याच्या दिवसांत रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. हुरडा छान, पिठलं-भाकरी छान, बैलगाडीत पोरं खूश. तक्रार इतकीच, की हुरड्याचा हंगाम आणि पिसाऱ्याचा हंगाम एक नाही. पावसाळा सरता सरता मोर पिसारा गाळतो आणि तो पुन्हा पुरता भरायला हिवाळा उलटावा लागतो. डिसेंबरात दुपारी दोन वाजता नाचणारा मोर शोधणाऱ्याला आखूड शेपटीचा, धुळीत टोचत फिरणारा एक पक्षी भेटतो आणि तो गावाला नावं ठेवत घरी जातो. ज्याला मोर पाहायचा त्याने जूनमध्ये पहाटे जावं, आणि हुरड्याचा विचार मनातून काढून टाकावा.

शेजारच्या दौंड तालुक्याची कथा उलटी. इथून सगळे जातात, इथे कुणी येत नाही. दौंड जंक्शनवर इंजिन बदलेपर्यंत चहा पिणारे लाखो असतील, गावात पाऊल टाकणारे थोडे. सिद्धटेकला जाणारी अष्टविनायकाची बस दौंडातून निघते ती थेट भीमेपलीकडे. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर तिथे केलं आणि आश्रमातल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. पण ती नांदती संस्था आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, आणि तिथे सहलीची बस न वळलेलीच बरी. यवत बाहेरच्यांना ठाऊक झालं ते तुकोबांच्या पालखीतल्या पिठलं-भाकरीमुळे.

त्याच यवतवरून भुलेश्वरचा फाटा लागतो. देऊळ हद्दीने पुरंदरात, वाट दौंडातून. बाहेरून घुमट आणि बुरुज पाहून देवळाचा पत्ता लागत नाही. आत गेल्यावर यादवकाळातलं काळ्या दगडातलं कोरीव काम समोर येतं. तिथलीही कीर्ती भलत्याच गोष्टीसाठी. नैवेद्याच्या पेढ्यांतले काही गायब होतात, ही आख्यायिका. माणसं श्रावणात तासन्‌तास रांगेत उभी राहतात, पेढे मोजतात आणि प्रदक्षिणेच्या वाटेवरचे हत्ती, महाभारतातले प्रसंग, मोडक्या चेहऱ्यांच्या तरीही डौल न सोडलेल्या सुंदरी यांच्यावरून पाठ घासत निघून जातात. वरच्या बाजूला स्त्रीरूपातला गणपती आहे, सोंड तीच, देह बाईचा. तो पाहायला मान वर करावी लागते, आणि रांगेतला माणूस पुढच्याच्या पाठीकडे पाहत असतो.

आता ज्या जागेला विशेषणच मिळालं नाही, तिच्याकडे येतो. कुकडी घोडनदीला मिळते, आणि शिरूर ओलांडून घोड खाली जाते तिथे तिच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. 'इनामगावात काय आहे पाहायला?' याचं प्रामाणिक उत्तर, काही नाही. पांढरीचं टेकाड, शेतं, बाभळी, नदी. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, 1968 पासून 1983 पर्यंत हे टेकाड उकललं, तेव्हा त्यातून ताम्रपाषाणयुगातलं एक अख्खं गाव निघालं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 एवढा त्याचा काळ, सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष. पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. बार्लीचं पीक. गावाच्या मध्याजवळ पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार. कोठाराची चावी कुणाकडे होती, हे सांगायला शिलालेख लागत नाही.

तिथे घरांचा आकारही वाचता येतो. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरं. शेवटच्या काळात, पाऊस कमी होत गेला तशी, लहान गोल झोपड्या. शेती आटली, शिकार आणि गुरं वाढली, आणि भिंतींचे कोपरे गेले. घोडनदीच्या खोऱ्यातल्या माणसाला दुष्काळाची ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको.

पण इनामगावचा खरा ऐवज दोन वस्तूंत आहे. पहिली एक मातीची देवी, न भाजलेली, डोकं नसलेली. घराच्या जमिनीखाली मातीच्याच झाकणबंद पेटीत तिला ठेवलं होतं. झाकणावर दुसरी, डोकं असलेली मूर्ती आणि एक बैल. बिनडोकीच्या पोटाला एक छिद्र आणि बैलाच्या पाठीला एक. काडी घातली की देवी बैलावर बसते. घडवणाऱ्याने चेहऱ्याचा नादच सोडला आणि सगळं लक्ष स्तनांवर आणि पोटावर दिलं. मूर्ती ओबडधोबड आहे, पण काय गाळायचं ते तिच्या घडवणाऱ्याला नक्की ठाऊक होतं. पुढे मराठी मुलखात डोकं नसलेल्या देवतेच्या मूर्ती ठिकठिकाणी सापडतात. इनामगावची देवी त्यांची थेट पूर्वज असं मी म्हणणार नाही, पण पेटीसमोर उभं राहिल्यावर तो विचार टाळताही येत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे रांजण. चार पायांचा, पोट सुटलेला, तोही न भाजलेल्या मातीचा. त्यात सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला. इनामगावात मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडत असत. मेलेला पळून जाऊ नये, भूत होऊन हिंडू नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क. लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत, आणि तीही घराच्याच जमिनीखाली. या एका माणसाचे पाय मात्र शाबूत आहेत. त्याला रांजण मिळाला, मोठ्या घराचं अंगण मिळालं, आणि पायही राहू दिले. रांजणाचा आकार पाहा: पोट गोल, पाय आखूड, काहीसा प्राण्यासारखा, काहीसा बाईच्या पोटासारखा. कुंडातल्या रांजणांना पाण्याने जो आकार दिला त्याच घाटाचा हा, पण इथे प्रत्येक वळण कुणाच्या तरी तळव्याने दिलेलं आहे. सोबत ठेवलेल्या रंगवलेल्या भांड्यावर लांब वल्ह्यांची एक नाव आहे. काहींना ती परलोकाच्या प्रवासाची वाटते. मला ती घोडनदीतलीच वाटते. चितारणाऱ्याने वल्ही लांब काढली आहेत, आणि लांब वल्ही खोल पाण्याला लागतात.

या वस्तू पाहायला पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं लागतं. तिथे गर्दी नसते, तिकिटाची रांग नसते, आणि रखवालदाराशी दोन शब्द बोललात तर तो स्वतःहून कपाटाजवळ नेतो. क्रम उलटा करू नये, असं माझं मत. आधी संग्रहालय, मग टेकाड. वस्तू डोक्यात नसताना इनामगावला गेलेला माणूस तिथे पंधरा मिनिटंही थांबत नाही. वस्तू पाहून गेलेला मात्र मोठं घर कुठे असेल, कोठार कुठे, पाट नदीला कुठे लागत असेल, असा शेताच्या बांधावरून हिंडत राहतो, आणि शेतकऱ्याला त्याचा संशय येतो. त्याला आधी रामराम घालावा, पिकात पाय देऊ नये आणि खापर दिसलं तर उचलू नये. परत येताना न्हावऱ्याला चहा मिळतो.