आठवणीतलं गाव की आठवलेलं?

एम. एन. श्रीनिवास यांच्या ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ची (१९७६) जन्मकथा सर्वांना ठाऊक असते. २४ एप्रिल १९७० रोजी स्टॅनफर्डमधल्या जाळपोळीत त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग मैसूरूजवळचं ‘रामपुरा’ (हे टोपणनाव) त्यांनी मुख्यतः स्मरणातून लिहिलं. कथा इतकी चांगली आहे, की ती पुस्तक नीट वाचू देत नाही.

मधली बावीस वर्षं आपण विसरतो. १९४८ साली गावात राहायला आले तेव्हाच ते ऑक्सफर्डचे अध्यापक होते. पहिलं वर्ष क्षेत्रकार्यासाठी मोकळं मिळालं होतं. पुढे तिथे, मग बडोद्याला, दिल्लीला शिकवलं. पोथीतला समाज वेगळा, डोळ्यांनी पाहिलेला वेगळा, हे विद्यार्थ्यांना पटवताना हाताशी रामपुराच असणार. मला वाटतं, आगीतून वाचलं ते वर्गात सांगून सांगून मुरलेलं गाव.

त्याची गोडी प्रसंगांत आहे. कूर्गांच्या सोवळ्याओवळ्यावर नुकताच प्रबंध लिहिलेला हा ब्राह्मण आंघोळीनंतर दाढी करतो आणि गावचा पाटील त्याला हटकतो: आधी दाढी, मग स्नान! मास्तरांचीच शिकवणी. श्रीनिवास हे स्वतःवर हसत सांगतात, आणि त्या हसण्यात सिद्धान्ताच्या दहा पानांहून अधिक कळतं.

पण सांगून मुरलेल्या गोष्टीत न सांगितलेलं आणखी मागे पडतं. मुक्काम पाटलाच्या बैलघरात. बायका आणि दलित वस्ती पुसट. लेखक हे कबूल करतो, पण कबुलीने ती माणसं बोलू लागत नाहीत.

इथे इरावती कर्वे आठवतात. त्याही घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी, डेक्कन कॉलेजात शिकवता शिकवता हिंडणाऱ्या. ‘वाटचाल’मध्ये वारीतल्या बायकांच्या जातवार पंगती त्यांना टोचतात, आणि ती टोचणी ज्या भाषेत ऐकलं त्याच भाषेत उतरते. रामपुरा बोललं कन्नडात, छापलं गेलं इंग्रजीत. मत्सरावर श्रीनिवास फार छान लिहितात. पण कन्नडात मत्सर म्हणजे ‘होट्टे किच्चु’, पोटातली आग. मराठीत आपल्या पोटात दुखतं. इंग्रजीत पोटच नाही.

शीर्षकाचं मराठी ‘आठवणीतलं गाव’ करावं तर ते दिवाळी अंकातलं वाटतं. मी ‘आठवलेलं’ म्हणेन. त्यात आठवायला पडलेले कष्ट तरी दिसतात, आणि न आठवलेलं काय, असं विचारायला जागा राहते.