झेरॉक्सच्या दुकानातला न्याय, आणि त्याबाहेर राहिलेली पुस्तकं

समीक्षेसाठी आज आम्ही कादंबरी घेतलेली नाही, एक न्यायनिर्णय घेतला आहे. निर्णयपत्र हेही वाङ्मयच की. त्यातही गृहीतकं असतात, दृष्टान्त असतात, आणि एखादी जागा मोकळी राहून गेलेली असते.

प्रकरण थोडक्यात असं. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सजवळ, रामेश्वरी नावाचं झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी वाचनयादी द्यायची. दुकानदार या पुस्तकातलं एक प्रकरण, त्या पुस्तकातली काही पानं असा संच बांधून विकायचा. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांवर दावा लावला. गंमत बघा, लेखकांच्या नावाने लढाई, आणि ज्यांचं लेखन त्या संचांत होतं त्यांतलेच अनेक जण दाव्याच्या विरोधात! अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना पत्र लिहून आपली नापसंती कळवली होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं, की प्रताधिकार हा निसर्गदत्त हक्क नव्हे. समाजाचं ज्ञान वाढावं म्हणून कायद्याने तो निर्माण केला आहे. १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांना नक्कल करू देतं, तेव्हा यात उल्लंघन नाही. डिसेंबरात खंडपीठाने पानं किती यापेक्षा शिकवण्यासाठी त्यांची गरज होती का, हा प्रश्न महत्त्वाचा मानला आणि तो तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच काढून घेतला.

निकालाचा आम्हाला आनंदच झाला. पण आनंद झाला म्हणून युक्तिवाद तपासायचा नाही, असं थोडंच आहे? न्यायमूर्ती आपल्या विद्यार्थिदशेची आठवण सांगतात: ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घ्यायचं, पुढे यंत्र आलं. हाताने उतरवणं गैर नसेल तर यंत्राने कसं गैर? हा दृष्टान्त आम्हाला लंगडा वाटतो. हात दुखतो, यंत्र दुखत नाही. चाळीस पानं उतरवणारा विद्यार्थी कुणाचा धंदा बुडवत नाही. यंत्र बुडवू शकतं. प्रकाशकांची भीती अगदीच खोटी नव्हती.

खरं बळ पहिल्या मुद्द्यात आहे. मालकीच्या बाजूने बोलणारे जॉन लॉकला साक्षीला बोलावतात: ज्याने श्रम केले त्याची वस्तू. पण लॉकने पुढे अट घातली आहे, इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहायला हवं. ही अट सोयीस्करपणे गाळली जाते. शिवाय शेजाऱ्याने आमची सायकल नेली तर आम्ही पायी. त्याने आमचं पुस्तक उतरवून घेतलं तर पुस्तक आमच्या कपाटात आहेच. नुकसान झालंच तर ते विक्रीचं असतं, आणि जे पुस्तक विकलंच जात नाही, त्याचं काय? (ट्रेडमार्कची गोष्ट निराळी. तिथे गिऱ्हाईक फसू नये हा मूळ हेतू. दोन्ही एकाच 'बौद्धिक संपदे'च्या गाठोड्यात बांधले की विचार गोंधळतो.)

इथे ती मोकळी जागा लागते. न्यायालयासमोर प्रश्न वर्गाचा होता, तेव्हा संरक्षण मिळालं तेही वर्गापुरतंच. मराठीतली शेकडो पुस्तकं वर्गाबाहेर, छपाईबाहेर पडून आहेत. प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. पूर्वी पन्नास होती. टागोरांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा ती सगळ्यांसाठीच वाढवली गेली. साने गुरुजी १९५० साली गेले, २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं झालं, आणि 'श्यामची आई' अनेक प्रकाशकांनी काढली. पण ज्यांची पुस्तकं तेवढी गाजली नाहीत, त्यांना साठ वर्षांनंतर शोधणार कोण?

आमचंच सांगतो. तत्त्वज्ञानावरच्या आमच्या एका पुस्तकाचे हक्क आम्ही तरुणपणी 'कायमचे' लिहून दिले. ती प्रकाशनसंस्था बंद पडली, वारसांचा पत्ता नाही. मध्यंतरी एक विद्यार्थिनी विचारायला आली, "सर, स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवू का?" आम्ही लेखक, पण 'हो' म्हणण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. कायद्यात वाट आहे: कलम ३१-क. मालक सापडत नसेल तर वाणिज्य न्यायालयाकडे परवाना मागता येतो. मात्र अर्जाआधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची. मराठी पुस्तकाच्या मराठी वारसाला शोधायला इंग्रजी दैनिक! आणि ज्या पुस्तकाची मूळ आवृत्तीच काही शे प्रतींची, त्याच्यासाठी वकील कोण करणार? त्या मुलीला आम्ही आमची प्रत वाचायला दिली, एवढंच.

सभेत कुणी लिहिणारे असतील तर एक सांगून ठेवतो. हक्क लिहून देताना करारात मुदत लिहिली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे कोरी जागा तुमच्या बाजूची असते. 'कायमचे' हा शब्द नसतो. सही करण्याआधी तेवढी ओळ बघा. आता प्रश्न घेऊ.