ढलपीचं वाचन

लाकूड कापणाऱ्या यंत्राची पारख करायची असेल तर ओंडक्याकडे नंतर बघावं. शेजारी जमिनीवर काय पडलंय ते आधी बघावं. जाडसर, चौकोनी, स्वच्छ कडांच्या ढलप्या पडल्या असतील तर साखळीला धार आहे आणि यंत्र लाकूड कापतंय. नुसता बारीक भुगा पडत असेल तर यंत्र लाकूड घासतंय, मग इंजिन कितीही मोठं असो. अमरावती-अकोल्याच्या दुकानांत चेनसॉ घ्यायला गेलं की आकडे इंजिनाचे ऐकायला मिळतात. स्टिलची एमएस २५० म्हणजे ४५.४ सीसी आणि २.३ किलोवॉट, एमएस ३८२ म्हणजे ७२.२ सीसी, हस्क्वर्नाची ३७२ एक्सपी म्हणजे ७०.७ सीसी, या शेवटच्या दोन्हींची ताकद चार किलोवॉटच्या आसपास. हे आकडे खरे आहेत. पण बांधावरच्या बाभळीत किंवा परतवाड्याच्या सागात यंत्र कसं चालेल, ते या आकड्यांवरून कळत नाही. ते कळतं दातावरून.

तो दात एकदा हातात घेऊन बघावा. दिसायला साधा, पण त्यात तीन कामं बसवलेली आहेत. पुढे एक छोटा उंचवटा असतो; दाताने किती खोल घास घ्यायचा ते तो ठरवतो. दाताच्या माथ्यापेक्षा तो जेमतेम ०.६५ मिलीमीटर खाली असतो. मागे उभी धार, ती लाकडाचे तंतू आडवे तोडते. त्या धारेला कोपऱ्यात जोडलेली आडवी धार तुटलेले तंतू तळातून उचलते आणि ढलपी मोकळी करते. एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे. डावा आपली भिंत कापतो, उजवा आपली, आणि मधलं लाकूड दोघं मिळून बाहेर काढतात. या रचनेत फुकट गेलेला एकही कंगोरा मला सापडत नाही.

ही रचना सुचली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स या लाकूडतोड्याला. त्याच्या काळातल्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे लाकूड ओरबाडायचे आणि वरचेवर धार मागायचे. १९४६ मध्ये लाकूड फोडताना त्याला एका बुंध्यात भुंग्याची अळी दिसली. ती डावा-उजवा जबडा आळीपाळीने चालवत, तंतू आडवे असोत की उभे, सारख्याच सहजतेने लाकूड पोखरत होती. कॉक्सने तो जबडा पोलादात उतरवला आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला साखळीचा कारखाना काढला. अँड्रियास स्टिलने जर्मनीत १९२६ मध्ये विजेची आणि १९२९ मध्ये पेट्रोलची साखळी-करवत आणली होती, म्हणजे इंजिन आधीच होतं. त्याला खरं तोंड मिळालं ते या अळीमुळे. आज जगात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक साखळीत तोच जबडा आहे.

आता वेग बघा. वीस इंची पट्टीवर ७२ दुव्यांची साखळी बसते, तिच्यात ३६ दात. इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल तर सात दात्यांच्या चक्रावरून साखळी सेकंदाला साधारण २२ मीटर धावते, आणि लाकडातल्या एका जागेवरून दर सेकंदाला ५८० च्या आसपास दात जातात. प्रत्येकाने आपला अर्ध्या-पाऊण मिलीमीटरचा घास नीट घेतला तर हात दाबावा लागत नाही; यंत्र स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. दाबावं लागलं की समजावं, दात घास सोडतायत.

हा दात वऱ्हाडातल्या लाकडांना भिडतो तेव्हा प्रत्येक लाकूड त्याच्याकडून वेगळं काही मागतं.

मेळघाटच्या पायथ्याचं परतवाडा सागवानाच्या बाजारासाठी ओळखलं जातं. साग कापताना मोठं सुख आहे. घनमीटरला साधारण ६५० किलोचं हे लाकूड फार जडही नाही आणि फार कठीणही नाही, रेषा सरळ, अंगात तेल. ४५ सीसीचं यंत्रसुद्धा हातभर जाडीचा सागाचा ओंडका एका सुरात पार करतं, आवाज कुठे खाली बसत नाही, आणि कापलेल्या तोंडावर वलयांतली मोठी छिद्रं ओळीने उघडी पडतात. या सुखात एक फसवणूक दडलेली आहे. सागाच्या पेशींत सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. ती दाताच्या कोपऱ्याला खाते. पहिला ओंडका आणि दहावा ओंडका यांतला फरक इंजिनात शोधणारे पुष्कळ आहेत; तो फरक कोपऱ्यात असतो. पेट्रोल भरायला थांबलं की गोल कानसेचे दोन-तीन हात मारून घेणं हाच त्यावरचा उपाय. सागात यंत्राची तुलना करायची असेल तर पहिल्या कापावर निकाल देऊ नये.

बाभळीपाशी मी जास्त रेंगाळणार आहे, कारण वऱ्हाडात चेनसॉची खरी परीक्षा तिथे होते. नांगर, वखर, तिफण, बैलगाडीची चाकं, सगळं या लाकडावर चाललं, कारण ते झिजत नाही. जे झिजत नाही ते कापायलाही सोपं नसतं. ओली बाभूळ तरी बरी: तंतूंत पाणी असतं, ढलपी मोठी निघते, लालसर गाभा दिसतो आणि कापाला डिंकाचा चिकटपणा येतो. तीच बाभूळ दोन उन्हाळे बांधावर वाळली की दुसरंच लाकूड होते. त्याच यंत्राचा, त्याच साखळीचा सूर खाली जातो, ढलपी लहान होते, पट्टी तापते. म्हणून कोणी सांगितलं की अमुक यंत्र बाभळीत चांगलं चालतं, तर आधी विचारावं, ओल्या की वाळलेल्या? हा प्रश्न न विचारता केलेली तुलना मी जमेस धरत नाही.

बाभळीची दुसरी अडचण लाकडात नसून सालीत आहे. भेगाळलेल्या सालीत काळी माती भरलेली असते. बुंध्यात जुन्या कुंपणाची तार किंवा खिळा वाढून आत गेलेला असतो, वरून पत्ता लागत नाही. सेकंदभर मातीला लागलेली साखळी बोथट होते. इथे टोकदार चौकोनी कोपऱ्याचा, म्हणजे फुल चिझेल दात पहिल्या मिनिटाला भारी वाटतो आणि लवकर हार मानतो. किंचित गोलाई दिलेला सेमी चिझेल दात हळू कापतो, पण त्याचा कोपरा टिकतो. त्याला माथ्याची धार ३० ऐवजी २५ अंशांत लावली तर वाळलेल्या लाकडात ती आणखी टिकते. मोठ्या इंजिनावरच्या बोथट फुल चिझेलपेक्षा मध्यम इंजिनावरची नीट घासलेली सेमी चिझेल साखळी बाभळीत पुढे जाते, हे माझं ठाम मत आहे.

आणि अंजन. भारतातल्या सर्वांत जड लाकडांत त्याची गणना होते. पाण्यात टाकलं तर तळाला जातं. इथे मात्र सीसीचं मोल कळतं. अंजनाच्या वाळलेल्या गाभ्यात लहान यंत्राचे फेरे उतरतात, क्लच घसरू लागतो आणि चालवणारा नकळत जोर लावतो. ७० सीसीचं यंत्र, त्यावर २४ इंची ऐवजी १८ इंची पट्टी, आणि दोन्ही बाजूंनी घेतलेला काप, असं केलं तर ते लाकूड वश होतं. लांब पट्टीवर दात जास्त, म्हणून प्रत्येक दाताच्या वाट्याला ताकद कमी, हे साधं गणित अंजनासमोर उभं राहिलं की पटतं.

बाकीच्या लाकडांचं थोडक्यात. सालई मऊ, कोणत्याही यंत्राने कापावी. तिची राळ साखळीच्या दुव्यांत बसते, संध्याकाळी धुऊन काढली नाही तर सकाळी साखळी ताठर झालेली असते. कडुनिंबाच्या रेषा उलटसुलट, म्हणून काप सरळ जाता जाता सरकतो. दोन्ही बाजूंचे दात सारख्या लांबीचे आहेत ना, ते निंबात लगेच उघडं पडतं. वरुड-मोर्शीकडची वाळलेली संत्र्याची झाडं बारीक खोडाची आणि चिवट. त्यांना ३० ते ३५ सीसीचं हलकं यंत्र पुरतं, मोठं नेलं तर फांद्यांच्या गर्दीत ते आवरत नाही.

या सगळ्यावर वऱ्हाडचा उन्हाळा. अकोल्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा विरळ होते. २० अंशांच्या हवेशी तुलना केली तर तेवढ्याच आकारमानात साधारण आठ टक्के हवा कमी भरते, म्हणजे इंजिनाची ताकदही तेवढी घटते. शिवाय ते हवेवरच थंड होणारं इंजिन. पुस्तिकेतले किलोवॉट मे महिन्यातल्या दुपारी मिळत नाहीत. काळी धूळ गाळणीत अडकते, ती रोज झाडावी लागते. जळकं इंजिन ऑइल पट्टीला घालण्याची सवय तर सोडूनच द्यावी. त्यातले धातूचे कण पट्टी आणि तेलपंप दोन्ही खातात.

एक गोष्ट फळ्या पाडू पाहणाऱ्यांसाठी. चेनसॉचा काप आठ-नऊ मिलीमीटर रुंद असतो, आरागिरणीच्या पट्टा-करवतीचा दोन-तीन. सागासारखं लाकूड उभं चिरायला चेनसॉ वापरणं म्हणजे दर फळीमागे एवढं सागवान भुग्यात घालवणं. ओंडका पाडावा, आडवा तोडावा आणि गिरणीत न्यावा. साग, अंजन, तिवस, बिजा ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगी आधी, यंत्र नंतर.

माझा निवाडा असा. बांधावरच्या बाभळी-निंबासाठी ४५ ते ५० सीसी, १६ किंवा १८ इंची पट्टी आणि सेमी चिझेल साखळी. सागाच्या आणि अंजनाच्या जाड ओंडक्यांवर रोज काम असेल तर ७० सीसी. त्याहून मोठं यंत्र या दोन जिल्ह्यांत फार थोड्यांना लागेल. कंपनी कोणती, हा प्रश्न मी तिसऱ्या जागी ठेवतो. सुटे भाग आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावात मिळते का, हा दुसऱ्या. पहिला प्रश्न कानस कोण मारणार हाच.

पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा फांदीला लागला की यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येतं, आणि बाभळीच्या जाळीत तो कोपरा कुठेतरी लागतोच. आपल्याकडे हे यंत्र पायात चप्पल घालून, डोक्याला रुमाल बांधून चालवणारे मजूर सर्रास दिसतात. यंत्राला तीस-चाळीस हजार मोजणाऱ्या मालकांनी त्याच बिलात जाळीचं हेल्मेट, बूट आणि साखळी अडवणारी पँट घ्यावी, आणि ती मजुराच्या मापाची घ्यावी.