नाटकाची गोष्ट सांगताना

जुनी संस्कृत नाटके कथारूपाने सांगणारी पुस्तके मी आवडीने वाचतो, वर्गातही वाचून दाखवतो. दहा अंकांचे ‘मृच्छकटिक’ मुळातून वाचणारे थोडेच. बाकीच्यांच्या घरी शूद्रकाला न्यायचे तर गोष्टीचीच वाट धरावी लागते. चार्ल्स व मेरी लँब या भावंडांनी १८०७ मध्ये शेक्सपिअरची वीस नाटके मुलांसाठी अशीच गद्यात सांगितली. तेव्हा प्रश्न गोष्ट करावी की नाही हा नव्हे. करताना काय राखावे, हा आहे.

‘मृच्छकटिका’चा सहावा अंक पाहा. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो आहे. मातीची गाडी त्याला नको. समोर गणिका वसंतसेना आहे. ही तुझी आई, असे दासी त्याला सांगते. पोराला ते पटत नाही : आई असेल तर हिच्या अंगावर दागिने कसे? वसंतसेना रडत रडत दागिने उतरवते आणि त्याच्या गाडीत भरते. घाईतला कथाकार इथे लिहितो, वसंतसेना फार प्रेमळ होती. संपले! एका विशेषणाने पोराचा प्रश्न गिळला, आणि त्याबरोबर त्या घरचे दारिद्र्यही. पुढे हेच दागिने न्यायसभेत विदूषकाच्या काखेतून पडतात आणि चारुदत्ताच्या जिवावर उठतात.

दुसरा मोह रहस्याचा. शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. पण ती वाचली आहे, हे प्रेक्षकाला आठव्या अंकातच कळलेले असते. कळत नाही ते न्यायाधीशाला. कथाकाराने ते शेवटपर्यंत झाकले, तर वाचकाला धक्का बसेल. ‘अहो, ती जिवंत आहे!’ असे ओरडावेसे मात्र वाटणार नाही. नवव्या अंकाचा जीव त्या तळमळीत आहे.

सोपे करणे म्हणजे कमी करणे, हा समज आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तरी टिकू नये. इथल्याच नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी संस्कृतातला एक संवादच मराठी श्रोत्यांपुढे मांडला. सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. अर्जुनाच्या शंका त्यांनी आटोपत्या घेतल्या नाहीत, उलट फुलवल्या. अवघड शब्द खुशाल बदलावेत, पाचव्या अंकातली पावसाची लांबलचक वर्णनेही छाटावीत. पण पात्राचे बोलणे पात्राच्याच तोंडी राहू द्यावे.

या दिवाळीत घरी मोठ्याने वाचायला असे पुस्तक आणणार असाल, तर आधी गाडीचा प्रसंग उघडून पाहा. रोहसेन प्रश्न विचारीत असेल तर पुस्तक घ्या. त्याच्याऐवजी लेखकच बोलत असेल तर परत ठेवा.