‘उच्च-ऊर्जा बंध’ आणि वालधुनीचा गाळ : जैवऊष्मागतिकीच्या परिभाषेची चिकित्सा

पेशीतील मुक्त ऊर्जेचे विवेचन आपल्याकडे प्रामुख्याने दोन शब्दप्रयोगांच्या आधारे केले जाते : एटीपी हे ‘ऊर्जेचे चलन’ आणि त्यातील ‘उच्च-ऊर्जा बंध’. या परिभाषेची चिकित्सा करणे आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील विद्यार्थ्याला तिच्यामुळे काय दिसेनासे होते हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘उच्च-ऊर्जा बंध’ ही कल्पना फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये मांडली. तिची तत्कालीन उपयुक्तता नाकारता येत नाही. परंतु तिच्यामुळे बंध तुटताच ऊर्जा बाहेर पडते, असा समज दृढ झाला. वस्तुतः कोणताही बंध तोडण्यास ऊर्जा खर्चावीच लागते. एटीपीच्या जलीय विच्छेदनात मुक्त ऊर्जा घटते, ती उत्पादिते अधिक स्थिर असल्यामुळे. ऋण प्रभारांमधील प्रतिकर्षण कमी होते व फॉस्फेटला अधिक स्थैर्य लाभते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. विद्यार्थी उणे ३०.५ किलोज्यूल प्रति मोल हा आकडा पाठ करतो. तो प्रमाण स्थितीतील आहे. जिवंत पेशीत एटीपीच्या तुलनेत एडीपी व फॉस्फेटची संहती समतोलापासून फार दूर राखलेली असते. म्हणून तेथे हे मूल्य उणे ५० किलोज्यूलच्या आसपास जाते. समतोल साधला, तर त्याच रेणूपासून काहीही कार्य मिळणार नाही. नाण्याचे मूल्य नाण्यावर छापलेले असते. एटीपीचे मूल्य मात्र भोवतालच्या संहतींवर ठरते. ‘चलन’ ही उपमा नेमकी येथेच अपुरी पडते.

याचा पडताळा घेण्यास दूर जावयास नको. अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि वाटेत सांडपाणी व औद्योगिक जलनिःसारण पोटात घेते. ॲसिटेटचे सूक्ष्मजीवांकडून ऑक्सिजनच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण झाले, तर प्रति मोल सुमारे ८४४ किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. ऑक्सिजन संपलेल्या गाळात सल्फेट वापरणाऱ्या जीवाणूंना त्याच ॲसिटेटपासून प्रमाण स्थितीत सुमारे ४८ किलोज्यूलच मिळतात आणि हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. एक एटीपी घडविण्यासही ही ऊर्जा जेमतेम. तरीही हे जीव जगतात, कारण पटलापलीकडे आयनांचा उतार निर्माण करून ते अल्प ऊर्जा थोडीथोडी साठवितात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या रसायन-परासरणी सिद्धांताचा हा जिवंत पुरावा होय. ‘एक बंध, एक नाणे’ या हिशेबात तो बसत नाही.

प्राथमिक पातळीवर उपमेची गरज असते, हा आक्षेप ग्राह्य आहे. तथापि पदवी स्तरावरही उपमाच उत्तर म्हणून स्वीकारली जात असेल, तर अध्यापन अपुरे आहे असेच म्हणावे लागेल. येथील अनेक विद्यार्थी पुढे रासायनिक उद्योगांत व सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत काम करणार आहेत. टाकीत हवा का खेळवावयाची, ती बंद पडताच दुर्गंधी का येते, या प्रश्नांचे उत्तर मुक्त ऊर्जेच्या त्याच समीकरणात आहे. ते समीकरण परीक्षेत लिहिता यावे आणि नदीकाठी मात्र ओळखता येऊ नये, ही उणीव विद्यार्थ्यांची नव्हे, आपली आहे.