शिडी जे सांगत नाही

नागरिक सहभागावर संशोधन करायचं म्हटलं, की शेरी अर्नस्टीन यांची 1969 ची आठ पायऱ्यांची शिडी समोर येतेच. जरूर वाचा, पण तेवढ्यावर भागवू नका. का, ते एका उदाहरणातून बघू.

कॅलिफोर्नियातला ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट 1934 पासूनचा. कारभार सात निवडून आलेल्या संचालकांकडे, जोडीला नागरिकांची पार्क सल्लागार समिती. तिचे सदस्य नेमतं संचालक मंडळच, आणि अंतिम निर्णय तिच्या हातात नसतो. म्हणजे शिडीवर ती फार तर पाचव्या पायरीवर, 'समजूत काढणे' इथे. विषय संपला?

माझ्या पहिल्या आराखड्यात मी इथेच थांबले होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "मग समितीमुळे बदललं काय?" उत्तर नव्हतं.

2008 मध्ये मतदारांनी या डिस्ट्रिक्टच्या 50 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. एवढ्या पैशाचा प्रश्न असताना समितीला कागद कधी मिळतात आणि सल्ला डावलला तर कारण द्यावं लागतं का, हे बघायलाच हवं. शिडी पायरी दाखवते. हे सांगत नाही.

म्हणून नुसत्या बैठका मोजू नका. प्रस्तावाचा पहिला मसुदा, समितीचं इतिवृत्त आणि मंडळाचा ठराव शेजारी ठेवून वाचा. काहीच बदललेलं दिसलं नाही, तरी घाई नको. समितीची मुळातच सहमती असेल, किंवा तिचा विरोध ओळखून मसुदा आधीच सौम्य केला असेल. ही शक्यता तपासल्याशिवाय 'नावापुरती समिती' असं लिहू नका.