नाझली बेगमची ‘सैर-ए-यूरोप’

जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान व नाझली बेगम १९०८ साली युरोपच्या सफरीवर गेले. बेगमची धाकटी बहीण अतियाही सोबत होती. सफर मियाँबीवीची, पण ‘सैर-ए-यूरोप’ उर्दूत लिहिले ते बेगमसाहेबांनी. पुढे १९१३ साली हे दोघे विभक्त झाले. ते ठाऊक असल्याने आपण पानोपानी तलाकची चाहूल शोधू लागतो. आम्हीही शोधली, आणि ते चुकलेच. पाच वर्षांनंतरचे दुःख आधीच्या पानांवर का लादावे? कोकणात सून म्हणून आलेल्या एका मुस्लिम बाईची नजर त्यात आहे. ती आधी वाचावी. आमच्या वर्गातल्या मुलींना जंजिरा किल्ला तोफांसकट पाठ आहे, ही किताब मात्र त्यांनी पाहिलेली नाही. दाखवायची कुणी? उर्दू शिकवतो आम्हीच.